अम्मींची दाढ

अम्मींच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढल्या. तेव्हापासून त्या एकाच बाजूने चावत. भाकरी सालनात भिजवल्याशिवाय घास उतरत नसे, गोश्त तर त्यांनी सोडूनच दिले होते. "माझं काय, भागतंय ना," म्हणत त्यांनी दोनदा टाळले. शेवटी कतारच्या भावजींनी पैसे पाठवले आणि बकरी ईद झाल्यावर आम्ही दोन इम्प्लांट बसवून घेतले.

दवाखान्यात दीड तास लागला. आम्हाला वाटले, काम झाले. पण त्या दिवशी जबड्यात बसतो तो फक्त टायटॅनियमचा स्क्रू. त्याभोवती हाड वाढून त्याला घट्ट धरायला तीन ते सहा महिने जातात, आणि मगच वर दाढ चढते. टायटॅनियमला हाड असे धरते हे स्वीडनचे ब्रोनमार्क यांना १९५२च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले, ते चाळीस वर्षे टिकले. सारी भिस्त हाडावर, आणि हाड वाढायचे ते घरी.

घरी आल्या आल्या अम्मींना चहा हवा होता. ओठ अजून बधिर. अशा वेळी गरम चहाने तोंड भाजले तरी कळत नाही. कोमट होईपर्यंत थांबवले, कपाने प्यायला दिला. स्ट्रॉ चालत नाही, ओढल्याने जखमेवरची रक्ताची गुठळी सुटते. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवायचा, पंधरा मिनिटे काढायचा. रात्री डोक्याखाली दोन उशा. बधिरपणा जायच्या आत दुखण्याची गोळी, तीही काहीतरी खाऊन. एवढे सगळे सांभाळले आणि चूक पहाटे झाली.

फजरला अम्मी नेहमीप्रमाणे उठल्या, वुजू करताना तीन वेळा खळखळून चूळ भरली, जोरात थुंकल्या. बेसिन लाल. डॉक्टरांनी "चोवीस तास चूळ नको" म्हटले होते, पण वुजूचे आमच्या कुणाच्या डोक्यातच आले नाही. स्वच्छ गॉजची घडी करून जखमेवर ठेवली, अर्धा तास दाबून चावायला लावली, तेव्हा रक्त थांबले. दर पाच मिनिटांनी गॉज काढून बघायचा मोह होतो, तो आवरावा. लवंगेचे तेल, हळद असले काही जखमेत भरू नये.

दुपारी मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, वुजूत चूळ भरणे आपल्या शाफईंत आणि हनफींतही सुन्नत आहे. पाणी तोंडात घेऊन न हलवता हळूच पडू द्या, तेही जमत नसेल तर राहू द्या. (गुस्लची गोष्ट हनफी घरांत वेगळी, ती आपल्या आलिमांना विचारावी.) सज्द्यात वाकल्यावर गाल ठणकत होता, म्हणून अम्मींनी दोन दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढली. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या सुरू केल्या.

खाण्याचे फार अवघड गेले नाही. पहिले दोन दिवस पेज, दही, गाळलेली कोमट यखनी. मग मऊ खिमट, कुस्करलेले केळे, अंड्याची भुर्जी, तिखट न घालता. तीळ, खसखस आठवडाभर बंद, दाणे टाक्यांत अडकतात. अवघड गेले ते पाहुण्यांचे. हाल विचारायला येणारी प्रत्येक खाला डब्यात बिर्याणी नाहीतर खीर घेऊन यायची, आणि अम्मी पाहुण्यांसाठी उठून चुलीपाशी जायच्या. तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, त्याच दिवशी त्या पंधरा भाकऱ्या थापताना सापडल्या. आम्ही चिडलो. नंतर लाजही वाटली, कारण भाकऱ्या खाणारे आम्हीच होतो.

पाचव्या दिवशी तांदळाच्या पिंपामागे मिशेरीची डबी सापडली.

तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो आणि हाड स्क्रूला धरत नाही, अशी भीती असते. डॉक्टरांनी आधी विचारले होते, "तंबाखू, मिशेरी?" अम्मींनी मान हलवून नाही म्हटले होते. आम्ही डबी समोर ठेवली तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तू आणि तो दोघं बाजूला बसलेले. तुमच्यासमोर कशी सांगणार होते?" चाळीस वर्षांची सवय, घरात कुणाला माहीत नव्हती. आम्हीही कधी विचारले नव्हते.

टाके काढायला गेलो तेव्हा अम्मी एकट्याच आत गेल्या, आम्ही बाहेर बाकावर बसलो. डॉक्टर रागावले नाहीत. तीन महिन्यांनी दाढ चढवायची होती, ती चार महिन्यांवर नेली आणि मधे दोनदा तपासायला बोलावले. तेव्हापासून आमच्या घरात कुणाचाही दवाखाना असो, पाच मिनिटे पेशंट एकटा आत जातो. मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, तंबाखू, सगळे तिथे बोलले जाते. रक्ताची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप येत असेल, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल किंवा स्क्रू हलतोय असे वाटले, तर लगेच दवाखाना गाठावा. अँटिबायोटिक दिले असेल तर बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये.

अम्मींना सकाळी मिशेरीची आठवण अजून येते. त्या वेळी त्या बडीशेप तोंडात धरतात, उजव्या बाजूला. भाकऱ्या सध्या आम्ही थापतो. गोल होत नाहीत, अम्मी बघतात आणि काही बोलत नाहीत. एक्स-रे पुढच्या महिन्यात आहे.