मानसशास्त्र घेतलं म्हणजे मन कळतं का?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. मुलीला बारावीला कलाशाखेत अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले आहेत आणि तिला बी. ए.ला सायकॉलॉजीच घ्यायचं आहे. "ह्यांचं म्हणणं, मन काय पुस्तकातून कळतं? शिवाय उद्या स्थळं पाहताना लोक म्हणतील, वेड्यांचं शास्त्र शिकली आहे. तुम्ही हाच विषय घेऊन बी. ए. झालात, म्हणून विचारते." आणि अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात एक ओळ : "मलाही घरबसल्या हा अभ्यास करता येईल का? वय ४४."

समासातल्या ओळीकडे मागाहून येते. आधी मुलीचं.

हल्लीच्या मुली 'डिअर जिंदगी'तला समुद्रकाठी गप्पा मारणारा डॉक्टर पाहून हा विषय घेतात. आम्ही तरी काय वेगळ्या होतो? माझ्या डोक्यात फ्रॉइड, स्वप्नांचे अर्थ आणि संमोहन एवढंच होतं. फ्रॉइडच्या वाट्याला पुस्तकात जेमतेम एक प्रकरण आलं. बाईंनी सुरुवात केली ती व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला काढलेल्या प्रयोगशाळेपासून, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला आमच्यापुढे आरसा ठेवला. चांदणीचा छापील आकार, त्याला दुहेरी रेघा. कागदाकडे थेट बघायचं नाही, मध्ये आडोसा. आरशात बघत पेन्सिल त्या दोन रेघांमधून फिरवायची. घरी करून पाहा एकदा! हात वर न्यायचा म्हणावं तर खाली जातो. आठदहा वेळा केलं की चुका कमी होतात, आणि गंमत म्हणजे ज्या हातानं सराव केलाच नाही त्यालाही थोडंथोडं जमू लागतं. हे सगळं सेकंद मोजून, चुका मोजून, आलेख काढून जर्नलमध्ये उतरवायचं.

पुढे स्मरणशक्तीचा प्रयोग आला. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थांनी अर्थ नसलेले शब्द पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो हे स्वतःवरच मोजलं आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मी घरी आजीला बसवलं. "झेब, रुफ, टीव, गोझ." आजीनं चार वेळा मन लावून म्हटलं आणि मग हात जोडून विचारलं, "हे कुठल्या देवाचं गं?"

आणि सांख्यिकी. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, कारण गणित सुटलं म्हणून कलाशाखेत आलेल्या निम्म्या मुली इथे रडकुंडीला येतात. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. मीही तेव्हा कुरकुरले. आज विचाराल तर तीन वर्षांतलं सर्वांत जास्त कामी आलेलं तेच. दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नव्हे, हे डोक्यात पक्कं बसलं. कुणी म्हणालं, अमक्या क्लासला जाणारी मुलं किती हुशार निघतात, की माझ्या मनात येतं, हुशार मुलांनाच तिथे घालत असतील का? शाळेतल्या आमच्या स्टाफरूममध्ये ह्या सवयीमुळे मी फारशी लाडकी नाही.

तेव्हा तुमच्या ह्यांना सांगा, मन पुस्तकातून कळत नाही हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. घाईनं काढलेला निष्कर्ष तपासायचा कसा, हे इथे शिकवतात, आणि तेवढ्याला तीन वर्षंही अपुरी पडतात. वेड्यांचं शास्त्र म्हणाल तर आजारांचा भाग असतो एका पेपरपुरता. तो पेपर आला की मात्र घरच्यांनी जपून राहावं. त्या वर्षी मी आईच्या सोवळ्याला एक नाव दिलं, मामांच्या रागाला दुसरं. शेवटी वडील म्हणाले, "तुझ्या त्या वहीत आमची नावं लिहू नकोस."

ते मी हसण्यावारी नेलं. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

लग्न होऊन इथे आले तशी सोसायटीत बातमी पसरली, ही सायकॉलॉजीवाली. पाचएक वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. सून बाळंत होऊन सहावा आठवडा. बाळ झोपलं तरी ती झोपत नाही, दोन घासांवर उठते, बाळाला पाजते आणि भिंतीकडे तोंड करते. "तू शिकली आहेस, जरा बोल तिच्याशी." मी गेले. तासभर बोलले, म्हणजे मीच बोलले. बाळंतपणानंतर मन हळवं होतं, उगीच रडू येतं आणि ते आपोआप जातं, एवढं पुस्तकातलं आठवत होतं. तेच सांगितलं. काकूंना हायसं वाटलं. मलाही.

त्याच्याच पुढची ओळ मला आठवली नाही. हे हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार लागतात. सहावा आठवडा, हे तर काकूंनी दारातच सांगितलं होतं!

आठ दिवसांनी भर दुपारी ती एकटी वर आली. बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ताई, हिला तुम्ही ठेवून घ्याल का? माझ्याकडे नीट वाढायची नाही."

मी तिला घरी पाठवलं नाही. नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं आणि संध्याकाळी आम्ही तिघं तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात, हे मला तिथे कळलं. तीनचार महिन्यांत ती सावरली. मुलगी आता बालवाडीत जाते आणि माझ्याकडे चिवडा मागायला येते. त्या घरानं मला कधी बोल लावला नाही, पण ते आठ दिवस माझ्या नावावर आहेत. (तुमच्या घरात कुणाचं असं होत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारनं २०२२ साली ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीतही बोलतात.)

म्हणून मुलीला स्वच्छ सांगा, बी. ए.नं कुणी मानसोपचार करायला लायक होत नाही. आता तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, पुढे एम. ए. धरूनच चालावं. शाळेत समुपदेशक व्हायचं तर एम. ए. आणि त्यावर समुपदेशनाचा डिप्लोमा केलेला बरा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम करून परिषदेच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. ह्या अभ्यासक्रमांची नावं अलीकडे बदलत आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी परिषदेची यादी स्वतः पाहा. संस्थेच्या जाहिरातीवर जाऊ नका. औषधं लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे, ते आधी एम. बी. बी. एस. झालेले डॉक्टर असतात. एवढी वाट चालायची तयारी असेल तर मुलीला अडवू नका. स्थळांचं म्हणाल, तर ह्या विषयामुळे नकार देणारं घर आधीच कळलेलं बरं.

आता समासातली ओळ. काही वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा म्हटलं असतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन शिकवून पदवी देणं बंद केलं आहे. २०२१च्या कायद्यानं हा विषय आरोग्यसेवेच्या व्यवसायांत गेला, म्हणून. मला हे अर्धं पटतं. जिला उद्या रोग्यापुढे बसायचं आहे तिनं समोरासमोरच शिकावं, हे मी तरी नाकारणार नाही. पण जिला केवळ समजून घ्यायचं आहे, जिचा दिवस डबे आणि सासूबाईंच्या औषधांत जातो, तिच्या तोंडावर एक दार बंद झालं, त्याचं काय?

नुसतं ऐकायचं असेल तर 'स्वयम्' ह्या सरकारी संकेतस्थळावर व्याख्यानं मोफत आहेत, बरीचशी इंग्रजीत. पदवीच हवी तर वर्गात बसा. बी. ए.ला वयाची आडकाठी सहसा नसते, आणि काही कॉलेजांचे वर्ग सकाळी लवकर भरून दुपारपर्यंत सुटतात. मुलीच्या फॉर्मसाठी कॉलेजात जाल तेव्हा त्याच खिडकीवर आपलंही विचारून या. माझ्या वर्गात तुमच्या वयाच्या एक बाई होत्या. त्यांची मुलगी आमच्या एक वर्ष पुढे होती आणि घरी आईचं जर्नल तीच तपासून द्यायची.