आगळ, लसूण आणि रक्तदाबाची गोळी

मुंबई-गोवा महामार्गावर इन्सुलीचा तपासणी नाका आहे. गोव्याहून चोरून आणलेली दारू तेथे पकडली जाते. पण ‘बीपी मुळापासून बरा करा’ म्हणणारी बाटली अडवणारा नाका कुठेच नाही. कायदा नाही असे नव्हे. जादूटोण्याच्या उपायांची व औषधांची आक्षेपार्ह जाहिरात रोखणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत रक्तदाबाचे नाव आहे. तरीही दुकान जोरात चालते. आणि गिऱ्हाईक कोण? मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे ज्याला परवडत नाही, तो आमचाच माणूस!

झाडपाल्याशी आमचे वैर नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचे मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना दिले, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. जगाने ते स्वीकारले. जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून नव्हे, मोजून दाखवले म्हणून! पुढे त्याच मुळातून रेझरपिन वेगळे काढले गेले. त्याने काहींचे मन खिन्न होते, हेही मोजणाऱ्यांनाच कळले आणि अधिक सोसवणाऱ्या गोळ्या आल्यावर ते मागे पडले. घरी मूळ उगाळून पिणाऱ्याला आज किती मात्रा पोटात गेली, ते कसे कळणार?

लसणाने रक्तदाब थोडा उतरतो, असे काही चाचण्यांत दिसले आहे. जरूर खावा, गोळीच्या जागी मात्र नको. आगळाची गोष्ट तर उलटीच आहे. कोकम नैसर्गिक म्हणून बीपीवाल्याला आगळाचे पाणी पाजायचे, आणि आगळ टिकते ते मिठावर!

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आमच्याकडे पेजेसोबत खारा बांगडा, लोणचे, खारातली मिरची. हे जिभेचे चोचले नव्हेत. पावसाळ्यात मासेमारी बंद, भाजी महाग, मीठ स्वस्त. गरिबाची बेगमी मिठातच होते. म्हणून ‘मीठ सोडा’ एवढ्या उपदेशाने भागत नाही. खारा बांगडा भिजवून ते पाणी फेकावे, जमेल तेव्हा नुसता उन्हात वाळवलेला जवळा घ्यावा, पेजेत वरून मीठ टाकू नये. या घरगुती उपायाची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाचा नफा नाही.

‘गोळीची सवय लागते’ हा आणखी एक गैरसमज. रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. गोळीने तो ताब्यात राहतो, माणसाला बरे वाटते, म्हणून तो गोळी सोडतो. दाब पुन्हा चढतो आणि एके दिवशी अर्धे अंग लुळे पडते. मग गाडी करून बांबोळी गाठायची.

देशात २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सुरुवातीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळणे हा आपला हक्क आहे. साठा संपला म्हणून परत पाठवले, तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. वाडीवाडीतील विहारांनी वर्गणीतून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे. रविवारी वंदनेनंतर चाळिशीपुढच्या सर्वांचे मोजावे, आकडा वहीत लिहावा. पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर आला, तर सोमवारी सोबत जाऊन त्या माणसाला आरोग्य केंद्रात पोचवावे.