कुत्रा कुणाच्या नावे?

पावसाळ्यात डोंगर चढणाऱ्या माणसांवर माझा मुळीच राग नाही. ज्याला आपले कपडे, बूट आणि प्रकृती स्वखर्चाने भिजवायची हौस आहे, त्याने ती खुशाल भागवावी. मीसुद्धा रीतसर पैसे भरून भिजलेला माणूस आहे. माझे भांडण आहे ते वाटेतल्या कुत्र्याला बिस्कीट घालून सोबत नेणाऱ्या आणि शेवटच्या ठिकाणी त्याला तिथेच टाकून परतणाऱ्या मंडळींशी. आमच्या कोल्हापूरच्या बाजूला जुलै महिन्यात या मंडळींचे पीक भाताबरोबरच येते.

परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून भर पावसात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग अडवून धरला, आणि ती खिंड पावनखिंड झाली. त्या वाटेने आता दर जुलैत जथेच्या जथे चालत जातात. पन्नासच्या आसपास किलोमीटर, दोन दिवस. मावळे रातोरात गेले. आम्हाला मध्ये मुक्काम, गरम आमटी-भात आणि पोटऱ्यांना चोळायला बाम लागतो.

पाऊस बघायचा तर मसाई पठारावरचा. तो वरून पडत नाही, बाजूने येतो. छत्रीचे पाच मिनिटांत कमळ होते. रेनकोट बाहेरचे पाणी आत घेतो आणि आतला घाम बाहेर सोडत नाही. म्हणजे ठेवी स्वीकारतो, पण काढू देत नाही. धुक्यात पुढच्याची पाठ तेवढी दिसते, आणि ती घसरली की आपणही घसरायचे एवढेच कळते. चपाती पिशवीतल्या पिशवीत कालवली जाते. खाली वाडीत चिखलात भात लावणाऱ्या बाया कमरेतून ताठ होतात आणि इरल्याखालून विचारतात, "कशाला जाताय वो येवढ्या पावसात?" आमच्यात बी.कॉम. सहा होते, इंजिनियर चार. एकालाही उत्तर आले नाही.

तर कुत्रा. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नारळ फुटला, त्या खोबऱ्याच्या वासाने हा आला. तांबडा, एक कान पडलेला. कुणीतरी ग्लुकोजचे बिस्कीट टाकले आणि त्याचे नाव वाघ्या ठेवले. (जुलैत या वाटेवरचा प्रत्येक कुत्रा वाघ्याच असतो. कुत्री असली तरी.) मी तिथल्या तिथे म्हणालो, "आत्ताच हाकला त्याला, घर लांब पडंल." तर आमचे म्होरके म्हणतात, "असू दे की साहेब, तेवढीच सोबत!"

सोबत त्याने केली. आमची कुणी केली नाही. प्रत्येक वाडीची कुत्री वेशीवर फौज लावून उभी असत. आम्ही 'जय भवानी' म्हणत पुढे जायचो आणि तो एकटा लढत मागे राहायचा. पडलेला कान एका वाडीत फाटला. रात्री आम्ही सतरंजीवर, तो शाळेच्या पायरीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला. फोटो मात्र त्याचे आमच्यापेक्षा जास्त निघाले.

दुसऱ्या दिवशी खिंडीत घोषणा झाल्या, डोळे ओले झाले (पावसाने असतील), बस आली. म्होरक्याने डोकी मोजली. त्रेचाळीस गेले, त्रेचाळीस आले, टोटल बरोबर! मी विचारले, "आणि कुत्रा?"

"ऱ्हाईल की हितंच. मोकळं जनावर हाय."

मोकळे! आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी भरली तर कॅशियर घरी जात नाही. इथे एक अख्खा जीव टोटलमधून गेला आणि कुणाला पत्ता नाही, कारण तो कधी वहीत लिहिलाच नव्हता. बिस्कीट खर्ची पडले, कुत्रा कुणाच्याच नावे नाही. भटका कुत्रा भटका आपल्या लेखी असतो. त्याच्या लेखी त्याची गल्ली, त्याचा वडेवाला आणि त्याचे शत्रू ठरलेले असतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतसुद्धा लिहिले होते की, नसबंदीसाठी उचललेला कुत्रा जिथून उचलला तिथेच आणून सोडायचा. जे सरकारला सुचले ते आम्हाला सुचू नये?

धर्मराजाची गोष्ट आपण पोरांना सांगतो. कुत्र्याला सोडून एकटा स्वर्गात येणार नाही, असे त्याने इंद्राला तोंडावर सुनावले. इथे स्वर्गाचाही प्रश्न नव्हता, बावन्न सीटची बस होती आणि नऊ सीटा रिकाम्या होत्या! रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून आपण किती भांडलो. २०१२ मध्ये तो उखडला, परत बसवला, २०२५ मध्ये पुन्हा वाद. तो कुत्रा इतिहासात होता की नव्हता ते विद्वानांनी बघावे. हा मात्र नक्की होता, माझ्या बुटावर डोके ठेवून बसला होता.

आणि ज्या खिंडीत आम्ही उभे होतो तिची कथा तरी काय? महाराज गडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत बाजी जागचे हलले नाहीत, हीच ना? ती गोष्ट दोन दिवस गळा काढून सांगायची, आणि सोबतचा पोचला की नाही हे न बघता खिडकीची सीट धरायची!

मी बसमधून उतरलो. बस गेली. तासाभराने दुधाचा टेंपो मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, "कुत्रं तुमचं?"

"न्हाई. पन्हाळ्याचं हाय."

"मग घाला की वर."

एवढेच. वाघबीळ फाट्यावर उतरवल्यावर त्याने अंग झाडले, माझ्या पँटचा उरलेला कोरडा भाग भिजवला आणि मागे न बघता घाट चढू लागला.

यंदाच्या मोहिमेच्या जाहिरातीत तोच आहे, 'आमचा वाघ्या' म्हणून, फाटका कान दिसणार नाही अशा बाजूने. टेंपोचे दीडशे रुपये मी मंडळाला रीतसर व्हाउचर करून पाठवले आहेत. खर्च कुठल्या खात्याला टाकायचा यावर म्हणे त्यांची मीटिंग व्हायची आहे.