रजिस्टरातले तास

कोरोनाच्या साथीने शिक्षणाचे किती नुकसान केले, याचा पाढा आपल्याकडे पुष्कळदा वाचून झाला आहे. शाळा, परीक्षा, पदवीदान समारंभ, सगळ्यांसाठी अश्रू ढाळून झाले. परंतु परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या काही तुकड्यांनी मनोरुग्णालयाचे फाटक न ओलांडताच मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा विषय ‘पूर्ण’ केला, याची खंत कोणी व्यक्त केल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या समाजात परिचारिका नसलेले कुटुंब शोधावेच लागेल. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

२४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि वसतिगृहे रिकामी करण्यात आली. त्याविषयी माझी तक्रार नाही. डॉक्टरांनाच जेथे मास्क पुरत नव्हते, तेथे विद्यार्थिनींना वॉर्डात उभे करणे हे पातक ठरले असते. तक्रार आहे ती पुढच्या काळाविषयी. मी ज्या संस्थेत ट्यूटर होते, तेथे लाट ओसरताच सर्वसाधारण रुग्णालयातील पोस्टिंग पुन्हा सुरू झाली. मनोरुग्णालयातील मात्र झाली नाही. त्याऐवजी मुलींना चित्रफिती दाखविण्यात आल्या, मोबाइलच्या पडद्यावर एका शिक्षिकेने भ्रमिष्टाचे सोंग वठविले आणि रजिस्टरात तास भरले गेले. प्रसूतीचा वॉर्ड चुकला असता तर हीच मंडळी हवालदिल झाली असती. वेड्यांचा वॉर्ड चुकला, त्यात काय बिघडले, हा खरा हिशेब होता. तो उघड बोलण्याचे धैर्य तेवढे कोणाकडे नव्हते.

काय बिघडले ते सांगते. या शुश्रूषेत परिचारिकेचे मुख्य साधन ती स्वतःच असते. महिनाभर न बोललेल्या स्त्रीशेजारी काही न विचारता अर्धा तास बसून राहणे, जिभेखाली लपविलेली गोळी अपमान न करता ओळखणे, आपल्यावर विषप्रयोग होत आहे असे मानणाऱ्या माणसाशी वादही न घालणे आणि त्याच्या भ्रमाला होकारही न देणे, ही कौशल्ये चित्रफितीतून येत नाहीत. शिवाय त्या दोन वर्षांनी जो धडा समोर आणून ठेवला होता, तो पूर्वीच्या कोणत्याही तुकडीला मिळाला नव्हता. ज्याला आधीच सर्वांचा संशय येतो, त्याच्यासमोर नखशिखान्त झाकलेली, डोळ्यांशिवाय काहीच न दिसणारी माणसे जाऊन उभी राहिली तर त्याला काय वाटेल? अशा वेळी विश्वास कसा संपादावा? ताप येऊन अंगातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. तेव्हा लिथियम घेणाऱ्या रुग्णाला ताप आला तर काय पाहावे? ते वर्ष शिकण्याचे होते. ते आपण रजेत घालविले.

मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करण्यात येतो. तो खोटा नाही. सामायिक दालनांत राहणाऱ्या, मास्क टिकवून न धरणाऱ्या रुग्णांत संसर्ग झपाट्याने पसरतो. पण १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिल्या रांगेतील आरोग्यसेवकांत परिचर्येच्या विद्यार्थिनींचीही गणना होती. आणि ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेतील विद्यार्थिनींनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविडच्या ड्यूटीवर घेण्यास मोकळीक दिली. मनुष्यबळ अपुरे पडताच ज्या मुली कोविडच्या वॉर्डासाठी सज्ञान ठरल्या, त्या मनोरुग्णांच्या वॉर्डासाठी अल्लड बालिका कशा राहिल्या?

रुग्णांचे काय झाले, हा प्रश्न तर कोणी विचारलाही नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणारी, नातलगांनी पाठ फिरविलेली माणसे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २६ ने रुग्णाला भेटीचा आणि दूरध्वनीचा हक्क दिला आहे. साथीत भेटी थांबल्या. पण ज्यांना भेटायला मुळातच कोणी येत नव्हते, त्यांच्यापाशी वही घेऊन बसणारी, त्यांचे गाव विचारणारी आणि उत्तर लिहून घेणारी विद्यार्थिनी हीच एक बाहेरची व्यक्ती असे. औषधे वाटून थकलेल्या सिस्टरला तेवढी सवड कुठली? राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने (२०१५-१६) उपचारांअभावी राहणाऱ्या रुग्णांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के इतके दाखविले होते. अशा देशात या वॉर्डातले शिक्षण सर्वांत आधी काटण्याजोगे ठरते.

त्या तुकड्यांतील मुली आता नोकरीला लागल्या आहेत. त्यांना सेवेत असतानाच, भरपगारी रजेवर, चार आठवड्यांची खरी पोस्टिंग द्यावी. आणि पुढची साथ येण्यापूर्वी मनोरुग्णालयांच्या आपत्कालीन आराखड्यात विद्यार्थिनींची जागा, त्यांचा विमा, लस, संरक्षक साधने आणि विद्यावेतन यांची तरतूद लेखी करून ठेवावी, अशी सूचना मी माझ्या जुन्या संस्थेला पाठविली होती. अभ्यासक्रम विहित तासांनुसार पूर्ण झाला असल्याचे मला कळविण्यात आले.