जुन्या बुलेटला जादा कॉम्प्रेशनचा पिस्टन कशासाठी?

१/५ वरोऱ्यात असो वा पुण्यात, जुनी बुलेट बांधायला काढली की 'जादा कॉम्प्रेशनचा पिस्टन टाका' हा सल्ला ठरलेला. हा सल्ला त्या इंजिनाचा इतिहास विसरतो.

२/५ १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. बुलेट ३५० चे बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. कॉम्प्रेशन मुद्दाम कमी, कारण तेव्हाचे पेट्रोल कमी ऑक्टेनचे.

३/५ मोठ्या मापाचा पिस्टन ताकद वाढवतो, हाही भ्रमच. १ मिमी वाढवूनही क्षमता ३४६ वरून ३५६ सीसी. ही झिजेची दुरुस्ती आहे, सुधारणा नव्हे.

४/५ ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. फोर्ज्ड पिस्टनला सहसा आणखी मोकळीक लागते. ती दिली नाही, तर ४५ अंशांच्या वैशाखात वरोरा-चंद्रपूर रस्त्यावर पिस्टन जाम होणारच. शिवाय जादा दाब सोसावा लागतो तो जुन्या कनेक्टिंग रॉडला.

५/५ म्हणून आधी झीज मोजावी, पुढच्या मापाचा पण मूळ कॉम्प्रेशनचा पिस्टन घ्यावा आणि त्याच्याच मापाने बोअर करावे. उरलेले पैसे क्रँकवर खर्चावेत. ज्याला निव्वळ वेग हवा, त्याने नवी गाडी घ्यावी. सत्तर वर्षांची परंपरा त्यापायी फोडू नये.