बहिणीचा पगार आपल्याला का चालत नाही?

माझ्या वयाच्या अनेक मुस्लिम मुलांसारखा मीही आमच्या घरातला पहिला इंजिनिअर. अब्बा सोलापूरला एसटीत मेकॅनिक होते. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले आणि त्या महिन्यापासून घरचा प्रत्येक खर्च माझ्याकडे आला. त्याची तक्रार नाही. ज्यांनी ओव्हरटाइम करून माझी फी भरली, त्यांच्यासाठी काही करणं हे ओझं नव्हे. मग ओझं नेमकं कशाचं होतं?

बहिणीच्या लग्नासाठी मी आठ लाखांचं पर्सनल लोन काढलं. हप्ता साडेसतरा हजार, पाच वर्षं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” एवढंच म्हणाले. हे वाक्य किती महाग पडतं, ते ज्यांच्या घरी लग्न झालंय त्यांना विचारा. कपाट, पलंग, वॉशिंग मशीन, मोटारसायकल, वर दावत. मेहर द्यायचा असतो मुलाने. तो आपण निकाहनाम्यात नावापुरता लिहितो आणि जहेजसाठी कर्ज काढतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेण्याइतकंच देणंही गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी दिला. “लोगां क्या बोलेंगे” यापुढे माझी डिग्री चालली नाही.

वर्षभरात अब्बांना लकवा झाला. दर शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस, रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी हिंजवडी. एका रात्री छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, रूममेटने दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “झोप किती होते?” मला सांगता येईना. नातेवाइकांचं निदान तयार होतं: ईमान कच्चं आहे, नमाज वाढव. पण रात्रभर इबादत आणि दिवसा रोजे करणाऱ्या अबू दरदांना हजरत सलमान फारसींनी अडवलं होतं, की तुझ्या जिवाचा आणि घरच्यांचाही तुझ्यावर हक्क आहे. आणि प्रेषितांनी सलमान यांचंच म्हणणं खरं ठरवलं. ही हदीस बुखारीत आहे. सल्ला देणाऱ्यांना ती नेमकी आठवत नाही.

या सगळ्या काळात बहीण सोलापुरातच, घरापासून दहा मिनिटांवर राहत होती. शिक्षिका आहे, स्वतःचा पगार आहे. फिजिओथेरपीची फी मी देते, असं ती दोनदा म्हणाली. अब्बा म्हणाले, “बेटी के पैसे?” विषय संपला. तिच्या घरी ते जेवतही नसत. खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं. बहिणीकडून पैसे घ्यायचे म्हणजे माझा कमीपणा, असं माझ्याही डोक्यात होतं. दाजींची हरकत असेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

लेकीच्या घरचं पाणीही नको, हा रिवाज कुराणातला नाही. तो आपल्या आसपासचा आहे, शेजाऱ्यांकडून आपल्या घरात आला आणि आपण त्याला दीन समजून बसलो. सूरह निसामध्ये (४:११) मुलीच्या पश्चात तिच्या मालमत्तेत आईवडिलांचा हिस्सा ठरवलेला आहे. लेक गेल्यावर जो पैसा हलाल, तो ती जिवंत असताना चालत नाही, हे कसं? खर्चाची जबाबदारी पुरुषाची, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, बाईवर सक्ती नाही. पण सक्ती नसणं म्हणजे मनाई नव्हे. हजरत खदीजांची संपत्ती कुठे खर्च झाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आणि देशाचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आईवडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकतो.

शेवटी एका रविवारी मी अब्बांसमोर महिन्याचा हिशेब ठेवला, कर्जाच्या हप्त्यासकट. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. आता फिजिओथेरपी बहिणीकडे आहे, तीच त्यांना रिक्षाने घेऊन जाते. मी एक आठवडा सोडून जातो. धडधड पुन्हा झाली नाही असं नाही, पण झोप लागते.

भेटायला कुणी आलं की अब्बा अजूनही अभिमानाने सांगतात, “बेटाच सब करता.” बहीण आतून चहा आणते, ऐकते, कप ठेवून जाते. मी अजून एकदाही त्यांना टोकलेलं नाही.