बाळंतिणीचे रक्त मोजा, तिचा ताप लपवू नका

आपल्या वस्तीत बाई बाळंत झाली की पहिला प्रश्न येतो, मुलगा की मुलगी? दुसरा, नॉर्मल की सिझर? तिसरा, बाळाचे वजन किती? बाईच्या अंगावरून रक्त किती गेले, हे कोणी विचारत नाही. सासू विचारत नाही, नवरा विचारत नाही आणि पुष्कळ वॉर्डांतही ते नीट विचारले जात नाही. आमचे म्हणणे असे आहे की, हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारला गेला पाहिजे. कारण बाळंतपणात बाई दगावते ती मुख्यतः तीन गोष्टींनी: रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि वाढलेले बीपी. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी वेळीच ओळखल्या तर बहुतेक वेळा आवरता येतात. अट एकच, कोणीतरी तिच्याकडे बघितले पाहिजे.

आम्ही लेबर वॉर्डात वर्षानुवर्षे ड्युट्या केल्या. आता गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोड या भागातल्या चाळींत आणि वस्त्यांत आयाबायांच्या बैठका घेतो. तिथे एक वाक्य हमखास कानावर येते: "जाऊ दे की रक्त, घाणच ती, बाहेर पडलेली बरी." हे वाक्य बाईच्या जिवावर उठणारे आहे. बाळंतपणानंतर जे जाते ते तिच्याच अंगातले रक्त असते. हृदयातून आलेले, तेच रक्त जे ब्लड बँकेत पिशवीत भरतात. त्यात घाण काहीही नाही.

हे रक्त एवढे वाहते कसे, ते समजून घ्या. दिवस भरत आले की गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पुरवले जाते. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर पिशवी आवळते, मुठीसारखी घट्ट होते आणि तिच्या स्नायूंच्या विळख्यात उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पिशवी सैल राहिली तर नळ उघडा राहिल्यासारखे होते. बाळंतपणातल्या जास्तीच्या रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण हेच. दहांपैकी सुमारे सात वेळा पिशवी सैल पडलेली असते. बाकीच्या वेळी आत वारेचा तुकडा राहिलेला असतो, कुठे फाटलेले असते किंवा रक्त गोठत नसते. धडधाकट बाईसुद्धा अशा वेळी दोनेक तासांत हातची जाऊ शकते. मग जिचे हिमोग्लोबिन आधीच सात-आठ आहे तिचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका पंडुरोगी आढळल्या. आपल्या घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर कोण जेवते, ते वेगळे सांगायला नको.

नॉर्मल बाळंतपणात ५०० मिलीलिटरहून जास्त रक्त गेले तर तो धोक्याचा रक्तस्राव मानतात. अर्धा लिटर, म्हणजे दुधाची एक पिशवी. पण चादर, कापूस, बादली, फरशी यांवर सांडलेले रक्त नजरेने मोजता येत नाही. अनुभवी डोळासुद्धा ते कमीच धरतो. म्हणून ते मोजावे लागते.

मोजण्याची ही गोष्ट आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात घडली आहे. बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत होती, डॉक्टर हजर नव्हते. बाळंतपण करत होत्या एएनएम, म्हणजे आपल्या परिचारिका भगिनी. निम्म्या बायकांना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना साध्या गोळ्या. प्रत्येकीच्या खाली प्लास्टिकची चादर पसरली होती. तिला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेषा. साध्या गोळ्या मिळालेल्या शंभर बायकांत बाराजणींना जास्तीचा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्या शंभरात तो साडेसहाच्या आत राहिला. तीव्र रक्तस्राव तर शंभरात १.२ वरून ०.२ वर आला. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. स्वस्त गोळी, प्लास्टिकची चादर आणि शिकवलेली नर्स, एवढ्यावर हे झाले. (ही गोळी दुकानातून आणून घरी घ्यायची नाही. बाळ बाहेर येण्याआधी चुकून घेतली तर पिशवी फाटू शकते. ती द्यायची वेळ शिकलेल्या हातालाच कळते.)

पुढे २०२३ साली आफ्रिकेतून आणखी मोठा पुरावा आला. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतली ८० इस्पितळे, दोन लाखांवर बाळंतपणे. तिथे मापाची चादर वापरली आणि रक्त हद्दीबाहेर जाताच पोट चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकामागून एक न करता एकाच वेळी सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासातला एक आकडा आम्हाला जास्त बोचतो. जिथे नेहमीच्या पद्धतीने काम चालू होते, तिथे जास्तीचा रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्याच ओळखल्या गेल्या. मोजल्यावर शंभरातल्या त्र्याण्णव ओळखल्या गेल्या. न मोजणे म्हणजे दोनातल्या एकीला अंधारात सोडणे.

आता जंतुसंसर्ग. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात कितीतरी जास्त बायका तापाने मरत. सेमेलवाइस या डॉक्टरच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या एप्रिलात शंभरात अठराजणी मेल्या होत्या. जूनमध्ये प्रमाण दोनावर आले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपल्या हाताने बाई मरते, हे कोणाला मान्य करायचे असते? पावणेदोनशे वर्षांनंतरही आमचे सांगणे तेच आहे. तुम्हाला हात लावणाऱ्याने हात धुतले का, हातमोजे बदलले का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा. सिस्टर रागावली तरी विचारा.

संसर्गावरचे नवे कामही बेळगाव आणि नागपूर इथे झाले आहे. सात देशांतल्या २९ हजारांवर बायकांचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नॉर्मल बाळंतपण होऊ घातलेल्या बायकांना कळा चालू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला, तर जंतुसंसर्ग रक्तात भिनणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हा डोस कोणाला द्यायचा ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण आपल्याच मुलखातल्या बायकांच्या सहभागातून आलेले हे ज्ञान आपल्याच बायकांपर्यंत पोहोचू नये, हा कुठला न्याय?

आता घरातले बोलू. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. १९५६ ला धम्म घेतला. शिवाशिवीला मूठमाती दिली असे आपण अभिमानाने सांगतो. पण बाळंतिणीचा विटाळ अजून किती घरांत आहे, ते मोजा. तिचे अंथरूण कोपऱ्यात, तिची भांडी वेगळी. तिचा कपडा कोणाच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून ती तो दडवून धुते आणि दाराआड ओलसर अंधारात वाळवते. त्या कपड्याला ऊन लागत नाही, त्यात जंतू वाढतात आणि तोच कपडा ती पुन्हा घेते. पॅड किती भिजला हे सासूला दाखवायची लाज, नवऱ्याला सांगायची लाज. ज्या विटाळाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तोच विटाळ आपण आपल्या सुनेला लावतो आणि तिचा रक्तस्राव झाकून ठेवतो. बौद्ध घरात याला जागा नाही. बाळंतिणीचा कपडा साबणाने धुऊन चाळीच्या गॅलरीत भर उन्हात वाळत घाला. ज्याला बघायचे त्याला बघू द्या.

दुसरी सवय अंगावर काढण्याची. ताप आला तर "दूध उतरतंय म्हणून कणकण आहे." पोटात दुखले तर "शेक दे." टाके चिघळले तर हळद. हे चालणार नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट बघू नका:

१. तासाभरात पूर्ण पॅड भिजतो आहे किंवा लिंबापेक्षा मोठी रक्ताची गाठ पडते आहे.
२. कमी झालेले रक्त पुन्हा लालभडक आणि जास्त जाऊ लागले आहे.
३. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, धडधड, अंग गार, चेहरा पांढराफटक.
४. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजून येणे.
५. ओटीपोटात वाढते दुखणे, अंगावरून जाणाऱ्याला घाणेरडा वास.
६. सिझरचे किंवा खालचे टाके लाल, सुजलेले, पू येणारे.
७. धाप लागणे, असंबद्ध बोलणे, झोपेतून नीट न उठणे.

१०८ ला फोन करा. गिरगावकरांना कामा, जे.जे., नायर ही इस्पितळे जवळ आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी आरोग्य संस्थांत बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्तसुद्धा मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितले तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारा. नॉर्मल बाळंतपणानंतरही ४८ तास घरी येण्याची घाई करू नका. पहिले दोन तास तर बाईजवळ जागे माणूस हवेच.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात तर माता-मृत्यू कमी आहेत. खरे आहे. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत देशात लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. हे श्रेय आशाताई आणि नर्सेसचेही आहे. पण केरळात तो आकडा १९ होता. शिवाय जी बाई वाचली, पण पिशवी काढावी लागली किंवा वर्षभर जिना चढताना धापा टाकते आहे, ती या आकड्यात कुठेच दिसत नाही. आणखी कोणी म्हणेल, सगळा दोष सिस्टरचा. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तिच्यापुढे भरलेला वॉर्ड असेल तर ती कोणाकोणाचे पॅड बघणार? म्हणून आमची मागणी सिस्टरविरुद्ध नाही, तिच्यासाठीही आहे. प्रत्येक प्रसूतिगृहात मापाची चादर द्या. केसपेपरवर गेलेले रक्त मिलीलिटरमध्ये लिहा. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरा. डिस्चार्ज देताना धोक्याच्या खुणा मराठीत छापून हातात द्या.

विश्रांतीचाही प्रश्न आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ ला तो कायदा झाला. गिरणीतल्या आपल्या आज्यांना रजा मिळाली ती त्यातून. आज आपल्या लेकी घरकामाला जातात, त्यांना ती रजा नाही. महिन्याच्या आत धुणीभांडी सुरू होतात. घरकामगार बाईच्या रजेची लढाई आपल्याला पुढे न्यायची आहे, आणि तोवर तिचे काम घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यायचे आहे.

शेवटी विहारांना विनंती. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मुले रक्तदान करतात, ही मोठी गोष्ट आहे. त्याला एक जोड द्या. विहारात रक्तगटासह दात्यांची वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन सातव्या महिन्याआधी तपासलेले असू द्या. 'बॉम्बे' हा दुर्मिळ रक्तगट १९५२ साली याच शहरात परळच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा बाईला 'ओ' रक्त चालत नाही. ऐन रात्री हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

येत्या रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा. वर दिलेल्या सात खुणा मोठ्याने वाचा. आणि पुरुषांनी बाहेर जाऊन उभे राहायचे नाही, आत बसून ऐकायचे. जयभीम.